तोटी कोणाच्या हातात? प्रादेशिक चॅनल, दिल्लीचा डेस्क आणि आपली बातमी

(३१ जानेवारी २०२५ रोजी तांबरम, चेन्नई इथे मराठी भाषक विद्यार्थी आणि नोकरदारांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



आज ३१ जानेवारी. १९२० साली याच दिवशी बाबासाहेबांनी 'मूकनायक'चा पहिला अंक काढला. त्याला आज १०५ वर्षं झाली. दरवर्षी या दिवशी आपण म्हणतो की आपलं स्वतःचं माध्यम हवं. ते बरोबरच आहे. पण आज मला एक वेगळा, थोडा कोरडा वाटेल असा प्रश्न घ्यायचा आहे. आपली बातमी जिल्ह्यातून निघते, मुंबईला पोचते. तिथून ती दिल्लीला जाते की जात नाही, आणि गेली तर कोणत्या रूपात जाते, हे कोण ठरवतं?

हा प्रश्न तांबरममध्ये बसून विचारणं मला सोपं वाटतं. इथे कुणी हवाई दलात आहे, कुणी रेल्वेत, कुणी कॉलेजात. आपण खोलीवर मराठी चॅनल लावतो आणि कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात तमिळ चॅनल बघतो. एकाच दिवसाचे दोन वेगळे देश दिसतात. तिसरा देश दिल्लीच्या चॅनलवर असतो. गंमत अशी की या तिन्हींचा मालक पुष्कळदा एकच असतो.

आधी घराणी समजून घेऊ. 'एबीपी माझा' २००७ साली 'स्टार माझा' म्हणून सुरू झालं, २०१२ मध्ये त्याचं नाव बदललं. हिंदी 'एबीपी न्यूज' आणि बंगाली 'एबीपी आनंद' ही त्याची भावंडं. 'झी २४ तास' झी न्यूजच्या घरातलं. 'न्यूज१८ लोकमत' २००८ साली 'आयबीएन लोकमत' म्हणून आलं, लोकमत समूह आणि नेटवर्क१८ यांच्या भागीदारीतून. २०१४ मध्ये नेटवर्क१८ चा ताबा रिलायन्सकडे गेला. आपण इथे बघतो ते 'न्यूज१८ तमिळनाडू' त्याच नेटवर्कचं. म्हणजे परभणीचा वार्ताहर आणि पुदुक्कोट्टैचा वार्ताहर एकाच घराला बातम्या पुरवतात. तरी एकाची बातमी दुसऱ्याच्या प्रेक्षकापर्यंत क्वचितच जाते. का, ते पुढे बघू.

आता बातमीचा प्रवास. जिल्ह्यात बहुतेक चॅनलचा पगारी माणूस नसतो, स्ट्रिंगर असतो. बातमी लागली तर त्याला बातमीमागे पैसे. कॅमेरा त्याचा, गाडी त्याची, पेट्रोल त्याचं. तो दृश्यं, एक-दोन बाइट आणि चार ओळींचा मजकूर पाठवतो. मुंबईचा इनपुट डेस्क, म्हणजे काय घ्यायचं हे ठरवणारं टेबल, त्यातून निवड करतो. आउटपुट डेस्क त्याचं पॅकेज करतो, अँकर वाचतो. हे झालं मराठी चॅनलपुरतं. त्याच वेळी ती दृश्यं नेटवर्कच्या सामायिक सर्व्हरवर चढतात आणि दिल्ली-नोएडाच्या डेस्कला दिसू लागतात. तिथल्या माणसाला मराठी येत असेलच असं नाही. त्याच्यासमोर असतात दृश्यं आणि दोन ओळींची हिंदी किंवा इंग्रजी नोंद. त्यावरून तो बातमी नव्याने लिहितो.

इथे माझा आजचा मुख्य मुद्दा येतो. प्रादेशिक चॅनलकडून दिल्लीला जातं ते चित्र. कारण जात नाही. हल्ला जातो, पण त्याआधीची दहा वर्षं जात नाहीत. कोणत्या वस्तीचा रस्ता अडवला होता, सरपंच कोणाचा, पोलिसांनी तक्रार का घेतली नाही, हे सगळं मराठी मजकुरात असतं आणि मजकूर मुंबईतच राहतो. बहुतेक बातम्यांचं यात फार बिघडत नाही. पूल पडला तर चित्र पुरेसं असतं. जातीच्या अत्याचारात मात्र कारण हीच बातमी असते. ते गळालं की उरते दोन गटांतली हाणामारी.

माझ्या संशोधनासाठी मी पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या एका स्ट्रिंगरबरोबर दोन दिवस फिरले. पहिल्या दिवशी त्याने एका वस्तीच्या बायकांचं तहसील कचेरीसमोरचं धरणं चित्रित केलं. स्मशानाकडे जाणारी वाट शेजारच्या शेतमालकाने बंद केली होती. त्याने नीट सात-बारा दाखवला, बायकांच्या बाइट घेतल्या. ती बातमी लागली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उसात बिबट्या दिसला. वीस सेकंदांची हलणारी क्लिप. ती दुपारपर्यंत मराठीत होती आणि संध्याकाळी हिंदीतही. त्याला पैसे बिबट्याचे मिळाले. तो माणूस आपल्याच समाजातला आहे. स्मशानवाटेची बातमी त्याला महत्त्वाची वाटत नव्हती असं नाही. पण पुढच्या वेळी पेट्रोल कशासाठी जाळायचं, हे त्याला पगाराविना शिकवलं जातं.

आता कोणी म्हणेल, हा बाजाराचा नियम आहे, यात जात कुठे आली? त्यासाठी मागे जावं लागेल, आणि मागे गेलो की आपण याच शहरात पोचतो.

१९४५ साली काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं या विषयावरचा बाबासाहेबांचा ग्रंथ आला. त्यात ते परदेशी वाचकाला समजावून सांगतात की अस्पृश्यांची बाजू तुमच्यापर्यंत का पोचत नाही. अस्पृश्यांकडे वर्तमानपत्रं नाहीत, हे एक कारण. दुसरं कारण ते बातमी वाटणाऱ्या संस्थेचं देतात. असोसिएटेड प्रेस ऑफ इंडिया ही तेव्हाची मुख्य वृत्तसंस्था. ती अमेरिकेतली एपी नव्हे, तर रॉयटर्सच्या छत्राखालची इथली संस्था. तिचा सगळा नोकरवर्ग मद्रासी ब्राह्मणांमधून येतो आणि काँग्रेसला न रुचणारी बातमी ते बाहेर जाऊ देत नाहीत, असा त्यांचा स्पष्ट आरोप आहे.

बाबासाहेब इथे काय करताहेत ते बघा. ते नुसतं 'संपादक वाईट आहेत' असं म्हणत नाहीत. शंभर वर्तमानपत्रांना बातमी देणारी जी एक नळी आहे, तिच्या तोंडावर कोण बसलंय, हे ते विचारतात. गावात पाणी एकाच विहिरीचं असतं. कोणी आधी भरायचं, कोणी लांब उभं राहायचं आणि कोणी वरून ओतेल तेवढंच घ्यायचं, यावरून जात कळते. बातमीचंही तसंच. पुढे या संस्थेची जागा पीटीआयने घेतली. पीटीआयची नोंदणी २७ ऑगस्ट १९४७ रोजी याच मद्रासमध्ये झाली आणि १ फेब्रुवारी १९४९ पासून तिचं काम सुरू झालं. मालकी भारतीय झाली. तोंडावर कोण बसतं हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

टीव्हीतही तेच झालं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, मद्रास केंद्र १५ ऑगस्ट १९७५ ला. १५ ऑगस्ट १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि संध्याकाळचे मोक्याचे तास दिल्लीचे झाले. प्रादेशिक केंद्राने आपल्या राज्यापुरतं बोलायचं, देशाशी दिल्ली बोलेल, अशी ही वाटणी. खासगी चॅनलांनी ही वाटणी मोडली नाही, जवळजवळ तशीच उचलली. ईटीव्हीने २००० साली मराठी वाहिनी सुरू केली, तेव्हा तिच्या बातम्यांचा डेस्क हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीत होता. बुलडाण्याची बातमी हैदराबादेत तयार होऊन परत बुलडाण्यात दिसायची.

या व्यवस्थेची आपल्याला बसलेली सर्वांत मोठी ठेच म्हणजे खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर भोतमांगे यांची हत्या झाली. तीनच दिवसांनी, २ ऑक्टोबरला, नागपुरात धम्मचक्र प्रवर्तनाच्या पन्नास वर्षांचा सोहळा होता. लाखो लोक दीक्षाभूमीवर होते. कॅमेरेही होते. खैरलांजी तिथून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर. तरी देशाला ही बातमी बातमी म्हणून कळायला महिना गेला. सुरुवातीच्या स्थानिक बातम्यांत 'अनैतिक संबंधां'चा सूर होता. तेव्हा मराठीत २४ तास बातम्यांचं चॅनल नव्हतं, ते २००७ मध्ये आलं. नोव्हेंबरमध्ये भंडारा, नागपूर, अमरावतीत लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कॅमेरे हलले. ३० नोव्हेंबरला, कानपूरमध्ये बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यानंतर, उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे जळाले. ती दृश्यं देशभर गेली. जळणाऱ्या गाडीचं चित्र होतं, खैरलांजीचं नव्हतं. म्हणून देशाच्या पडद्यावर आपण पीडित म्हणून येण्याआधी दंगेखोर म्हणून आलो.

न्यायालयातही कारण गळालं, हे विसरू नका. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवलं, सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने ती फाशी जन्मठेपेत बदलली. अ‍ॅट्रॉसिटी कायदा दोन्ही ठिकाणी लागू झाला नाही. बातमीतून जी गोष्ट गळते ती पुढे कागदांतूनही गळू शकते, कारण वातावरण बातमी तयार करते.

यानंतरची दहा वर्षं घ्या. १३ मार्च २०१६ ला इथल्या तिरुप्पूर जिल्ह्यात, उडुमलैपेट्टैमध्ये, शंकर या दलित तरुणाला आंतरजातीय लग्नासाठी भर रस्त्यात मारलं. सीसीटीव्हीत ते दिसलं आणि तमिळ चॅनलवरून ते चित्र देशभर गेलं. त्याच वर्षी ११ जुलैला गुजरातमधल्या उना तालुक्यात मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या तरुणांना मारहाण झाली. मारणाऱ्यांनीच व्हिडिओ काढून पसरवला. तोही देशभर गेला. दोन्ही वेळा बातमी वर गेली, याचं समाधान आहे. पण अट लक्षात घ्या. आपल्या शरीरावर होणारा मार दिसला तरच बातमी. २०२२ या एका वर्षात अनुसूचित जातींवरच्या अत्याचाराचे ५७,५८२ गुन्हे देशात नोंदले गेले. दिवसाला दीडशेहून जास्त. त्यातल्या किती ठिकाणी सीसीटीव्ही होता?

आता अगदी अलीकडचं. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. लोक रस्त्यावर आले, धरपकड झाली. वडार समाजातला, कायद्याचं शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. १७ डिसेंबरला राज्यसभेत गृहमंत्री बाबासाहेबांच्या नावाबद्दल जे बोलले त्यावरून देश ढवळला. तो आठवडा मी इथे बसून मराठी, तमिळ आणि हिंदी चॅनल आलटून पालटून बघत होते. मला दिसलेलं चित्र असं: मराठीत परभणी होती. हिंदीत ती ओझरती होती. १७ तारखेनंतर हिंदीत सकाळ-संध्याकाळ बाबासाहेब होते, पण ते संसदेच्या आवारातले. विरोधी पक्षनेते २३ डिसेंबरला परभणीला गेले, तेव्हा दिल्लीचे कॅमेरे त्यांच्या मागोमाग सूर्यवंशींच्या दारात पोचले. बाबासाहेबांचं नाव ही राष्ट्रीय बातमी, आणि त्यांच्या संविधानासाठी रस्त्यावर उतरलेल्या शहरात मेलेला विद्यार्थी ही प्रादेशिक बातमी, अशी ही वर्गवारी आहे.

आणि आडवी वाट तर नाहीच. पुदुक्कोट्टै जिल्ह्यातल्या वेंगैवयलमध्ये डिसेंबर २०२२ च्या शेवटी दलित वस्तीच्या पाण्याच्या टाकीत मानवी विष्ठा सापडली. तमिळ चॅनल दोन वर्षं त्यावर बोलत आहेत. गेल्याच आठवड्यात तपास यंत्रणेने उच्च न्यायालयाला सांगितलं की आरोपपत्र त्याच वस्तीतल्या तिघांवर ठेवलं आहे. इथले दलित पक्ष-संघटना ते मान्य करत नाहीत आणि सीबीआय चौकशी मागताहेत. आपल्यातल्या किती जणांनी वेंगैवयल हा शब्द मराठी चॅनलवर ऐकला? आणि चहाच्या दुकानातल्या किती जणांना परभणी माहीत आहे? चवदार तळ्याच्या माणसांना वेंगैवयलची टाकी समजावून सांगावी लागत नाही. पण बहीण-चॅनल असूनही बातमी पुदुक्कोट्टैहून परभणीला सरळ जात नाही. ती आधी दिल्लीला लायक ठरावी लागते, मगच खाली येते.

तांबरमकरांना हे नवीन नाही. डिसेंबर २०१५ चा पूर इथल्या अनेकांना आठवतो. मुडिच्चूर पाण्यात होतं, तमिळ चॅनल होड्या दाखवत होते, आणि दिल्लीची चॅनल चेन्नईकडे उशिरा वळली अशी तक्रार तेव्हा उघडपणे झाली. विमानतळ बंद पडल्यावर ती वळली. पण पूर ओसरल्यावर चिखल आणि कचरा उपसायला राज्यभरातून जे सफाई कामगार आणले, ते कोणत्या जातींचे होते, हा प्रश्न पुराच्या चित्रात मावला नाही. दिल्लीपासूनचं अंतर सगळ्या तमिळनाडूला भोगावं लागलं. जातीचं अंतर त्यावर आणखी एक थर होता. ही दोन अंतरं एक समजू नका.

आता डेस्कवर कोण बसतं ते बघू. १९९६ साली बी. एन. उनियाल या पत्रकाराने दिल्लीत एक दलित पत्रकार शोधायला सुरुवात केली आणि मान्यताप्राप्त पत्रकारांच्या यादीत त्यांना एकही सापडला नाही. २००६ मध्ये, म्हणजे खैरलांजीच्याच वर्षी, योगेंद्र यादव, अनिल चमडिया आणि जितेंद्र कुमार यांनी दिल्लीतल्या ३७ माध्यमसंस्थांतल्या निर्णय घेणाऱ्या ३१५ जणांची पाहणी केली. त्यात ७१ टक्के सवर्ण हिंदू पुरुष होते. दलित-आदिवासी एकही नाही. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलॉण्ड्रीच्या अहवालात नेतृत्वाच्या १२१ जागा तपासल्या गेल्या. १०६ सवर्णांकडे, दलित-आदिवासींकडे शून्य. या जागांमध्ये इनपुट आणि आउटपुट संपादकही येतात. म्हणजे तोटी उघडणारे हात हेच.

मी असं म्हणत नाही की तिथला प्रत्येक माणूस ठरवून आपली बातमी मारतो. रोज शेकडो फीड येतात, दोन मिनिटांत निर्णय घ्यायचा असतो. अशा घाईत माणूस विचार करत नाही, त्याला जे ओळखीचं वाटतं ते तो उचलतो. ज्याच्या घरी कधी स्मशानाची वाट बंद झाली नाही, त्याला ती बातमी वाटत नाही. त्याला वाईट हेतूची गरजच पडत नाही.

आणखी एक उत्तर नेहमी येतं: आता यूट्यूब आहे, मोबाइल आहे, दिल्ली कशाला हवी? आपल्या मुलामुलींची यूट्यूब चॅनल आज मोठं काम करताहेत, हे खरंच. पण पोलीस अधीक्षक, मंत्री, आयोग यांना उत्तर द्यायला लावण्याची ताकद अजून मोठ्या नेटवर्ककडे आहे. शिवाय सरकारही याच खेळात आहे. प्रसार भारतीने मार्च २०२४ मध्ये 'पीबी-शब्द' नावाची सेवा सुरू केली. देशभरचे पंधराशेहून अधिक वार्ताहर आणि स्ट्रिंगर, साठ डेस्क, आणि इतर माध्यमांना लोगोशिवाय वापरता येणारी दृश्यं. लहान चॅनलला हे स्वस्तात मिळतं, म्हणून ते वापरलं जाणार. १९४५ चा प्रश्न २०२४ च्या सेवेला तसाच्या तसा विचारता येतो: त्या साठ डेस्कवर कोण आहे? तो सार्वजनिक पैसा आहे, तिथे आरक्षणाचा आणि माहितीच्या अधिकाराचा प्रश्न थेट लागू होतो. खासगी चॅनलला जे विचारता येत नाही ते इथे विचारता येतं.

आपण, म्हणजे घरातली पहिली पदवी घेतलेली माणसं, काय करू शकतो? तीन गोष्टी सांगते.

पहिली, पत्रकारितेत जाणाऱ्यांसाठी. आपल्याला अँकर व्हावंसं वाटतं, कारण चेहरा दिसतो. रिपोर्टर व्हावंसं वाटतं, कारण मैदान दिसतं. डेस्क कुणाला नको असतो. रात्रपाळी, नाव नाही, चेहरा नाही. पण निवड तिथे होते. इनपुट डेस्कवर बसलेला आपला एक माणूस दहा रिपोर्टरांच्या बातम्या वाचवू शकतो. तिथे जा. आणि मराठीबरोबर हिंदी-इंग्रजी पक्कं करा, कारण दिल्लीला जाणाऱ्या त्या दोन ओळी कोणीतरी लिहिणारच आहे.

दुसरी, गावाकडे काही घडलं तर. व्हिडिओ पाठवा, पण त्याच्याबरोबर कारण पाठवा. तारीख, ठिकाण, पोलीस ठाणं, एफआयआर नोंदला की नाही, कोणती कलमं लावली, अ‍ॅट्रॉसिटी लावली का, आधीच्या तक्रारी कधी केल्या. अर्ध्या पानावर, मराठीत आणि इंग्रजीत. पीडितेचं नाव उघड होणार नाही याची काळजी घेऊन. घाईतल्या डेस्कला तयार मजकूर मिळाला तर तो वापरला जाण्याची शक्यता वाढते. वापरला नाही, तरी आपल्याकडे नोंद राहते. न्यायालयात ती लागते.

तिसरी खास आपल्यासाठी, इथे राहणाऱ्यांसाठी. आपल्यातले कित्येक जण तमिळ बोलतात, काही जण वाचतातही. मराठी-तमिळ अशी आडवी वाट आपण घालू शकतो. आठवड्याला एक बातमी तमिळमधून मराठीत आणि एक मराठीतून तमिळमध्ये. त्यासाठी चॅनल काढायची गरज नाही. फुले-आंबेडकर आणि अयोथीदास-पेरियार यांना मानणारी माणसं एकमेकांच्या रोजच्या बातमीला अनोळखी असावीत, हे कोणाच्या सोयीचं आहे, याचा विचार करा.

'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. तेव्हा दार निदान उघडपणे बंद केलं गेलं. आज दार बंद दिसत नाही. आपली दृश्यं आत घेतली जातात, पण आपलं म्हणणं बाहेर ठेवलं जातं. म्हणून पुढच्या वेळी टीव्हीवर आपल्या माणसांचा मोर्चा दिसला की एवढंच तपासा: मोर्चा का निघाला, हे त्या बातमीत आहे का? नसेल तर ते लिहून काढण्याचं काम आपलं आहे. सुरुवात करायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.